पाकिटं देवामागे ठेवली होती : कोपरखैरणेतल्या एका घराची केस

ही केस एका माथाडी कुटुंबाची आहे. मूळ गाव पाटण तालुक्यात, राहायला कोपरखैरणे. घरात चार माणसं. आप्पा, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात सगळं आयुष्य पोती वाहिलेले, गळ्यात तुळशीची माळ, वय आता सत्तरीच्या पुढे. त्यांचा मुलगा तुर्भ्याला एका गोडाऊनमध्ये डिस्पॅच बघतो, आमच्या हरिपाठ मंडळात त्यांना सगळे दादाच म्हणतात. वहिनी घरी ब्लाऊज शिवतात, आणि मुलगी आता बारावीला आहे, हे सगळं सुरू झालं तेव्हा ती पाचवीत होती. घरच्यांना विचारूनच लिहितेय, त्यांचं म्हणणं एवढंच की नावं नको, बाकी काही लपवू नका, आकडे पण टाका, कारण अशी घरं इकडे पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाला वाटतं की हे आपल्यावरच आलं.

मला यात बघायचंय ते हे की देवावर भरवसा ठेवणारं घर, ठरवलेलं सगळं कोसळल्यावर, रोजच्या रोज नेमकं करतं काय. हप्त्याच्या तारखेला काय करतं, संध्याकाळी टाळ हातात घेताना मनात काय असतं, कोणाशी बोलतं आणि कोणापासून लपवतं. कीर्तनात ऐकताना भरवसा सोपा वाटतो, घरात तो असा सरळ येत नाही.

आधी प्लॅन काय होता ते. आप्पांची वसाहतीतली छोटी रूम होती, माथाडी म्हणून मिळालेली, त्यातच दादा वाढले, बहीण वाढली, दादांचं लग्न झालं. 2018 ला ठरलं की रूम विकायची आणि तळोज्याकडे नवीन टॉवरमध्ये वन बीएचके घ्यायचा. पाडव्याला बुकिंग केलं. किंमत 38 लाख. रूमच्या पैशातले 10 लाख फ्लॅटला गेले, बाकीचे बहिणीच्या लग्नात आणि गावच्या घराच्या स्लॅबमध्ये. लोन 28 लाखांचं मंजूर झालं, त्यातले 22 लाख बँकेने स्लॅबप्रमाणे बिल्डरला देऊन टाकले. रजिस्टर्ड ॲग्रीमेंटमध्ये पझेशनची तारीख होती डिसेंबर 2021. ब्रोशरवर मेट्रो होती, एअरपोर्ट होतं, आणि स्विमिंग पूलच्या कडेला बसलेलं एक कुटुंब होतं. मुलीने ते पान कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. आप्पांना लिफ्टची भीती वाटायची म्हणून मुद्दाम दुसरा मजला घेतला, इतका विचार करून केलेला प्लॅन होता हा. उधळेपणा कुठेही नव्हता आणि हे मी मुद्दाम सांगतेय, कारण असं काही झालं की लोक पहिलं विचारतात की तुम्ही नीट चौकशी केली होती का? केली होती. महारेराचा, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नोंदणी नंबर बघितला होता, बँकेने लोन दिलं म्हणजे कागद ठीक असणार असं धरलं होतं, जे कोणीही धरेल.

कोसळणं एका दिवसात झालं नाही. मार्च 2020 ला लॉकडाऊन लागलं, मजूर गावी गेले, साइट बंद. सुरुवातीला कोणालाच काही वाटलं नाही, सगळं जगच बंद होतं. कोरोनामुळे महारेराने सगळ्याच प्रोजेक्टना मुदत वाढवून दिली, ती पण धरून चालले. मग साइट उघडली, पाच-दहा माणसं दिसायची, मग तीही दिसेनात. 2021 चा डिसेंबर आला आणि गेला. दादा महिन्यातून एकदा रविवारी जाऊन बघून यायचे, चौदाव्या मजल्याचा स्लॅब पडलेला, वरती गंजलेल्या सळया तशाच उभ्या. वॉचमन म्हणायचा दिवाळीनंतर सुरू होणार. दिवाळी कुठली ते तो सांगत नव्हता.

तोपर्यंत घरचं गणित असं होतं की भाड्याचे 12 हजार, वर बँकेचं प्री-ईएमआय, म्हणजे जेवढं लोन दिलं त्याचं नुसतं व्याज, मुद्दल एक रुपयाही कमी होत नाही. आधी सोळा हजार जायचे, रेट उतरले तेव्हा तेराच्या आत आले, मग मे 2022 पासून रिझर्व्ह बँकेने रेपो रेट, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो, चढवायला घेतला, 4 टक्क्यांवरून फेब्रुवारी 2023 पर्यंत साडेसहा, तसे यांचे परत सतराच्या जवळ. दादांचा पगार हातात 40 च्या आसपास. आणि भाड्याची खोली कुठली, तर विकलेल्या रूमपासून दोन गल्ल्या सोडून. रोज दूध आणायला जाताना स्वतःचं जुनं दार दिसायचं, त्यावर दुसऱ्यांची पाटी.

इथे आप्पांचं एक सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आप्पांची पायी वारी होती, माउलींच्या पालखीबरोबर, मार्केटमध्ये कामाला होते तेव्हाही टोळीतल्या लोकांना सांगून, मुकादमाची परवानगी काढून, मजुरी बुडवून जायचे. 2020 ला वारी झाली नाही. पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, 2021 ला पण तसंच. ज्या माणसाचा इतक्या वर्षांचा नेम मोडला त्याने काय करावं? आम्हाला वाटलं आप्पा खचतील. ते पहिले दोन-तीन दिवस गप्प होतेच, जेवलेही नाहीत नीट, वहिनी सांगतात की रात्री उठून बसायचे. मग आषाढीला पहाटे उठून आंघोळ करून खोलीतल्या खोलीत, पलंग आणि शिलाई मशीनच्या मधल्या जागेत, टाळ घेऊन उभे राहिले आणि पूर्ण हरिपाठ म्हटला. शेजारच्यांनी आपापल्या दारात उभं राहून साथ दिली. वारी बुडाली हे दुःख त्यांनी नाकारलं नाही, आजही बोलताना डोळ्यात पाणी येतं, पण पांडुरंगाने दगा दिला असं त्यांच्या मनाला शिवलंसुद्धा नाही. नेम मोडला तरी नातं तसंच राहिलं. मला वाटतं आप्पांचा भरवसा कुठे बसलाय ते त्या दिवशी दिसलं.

दादांचं तसं नव्हतं, आणि यात दादांना कमी लेखायचं काही कारण नाही. आप्पांवर संसाराचा भार आता नव्हता, दादांवर सगळाच होता. दादांनी काय केलं, तर नवस बोलले. पझेशन मिळालं की आप्पांबरोबर आळंदी ते पंढरपूर पूर्ण पायी येईन, अनवाणी. मग कोणीतरी एक वास्तुवाला सुचवला, त्याने साइटवर न जाताच सांगितलं की तुमच्या फ्लॅटच्या दिशेत अडथळा आहे, आणि एका विधीचे अकरा हजार घेतले. ते अकरा हजार दादांनी ऑफिसमधल्या मित्राकडून उसने आणले होते. विधी झाला, पुढच्या रविवारी साइटवर जाऊन बघतात तर सळया तशाच. माझं स्पष्ट मत आहे की घाबरलेल्या माणसाकडून असे पैसे घेणं हे पाप आहे, आणि वारकरी घरात तरी याला थारा नसावा, आपल्या संतांनी या असल्या धंद्यांवर किती कडक शब्दात लिहून ठेवलंय.

मग 2022 च्या पावसाळ्यात गोडाऊनचा कॉन्ट्रॅक्टर बदलला आणि दोन महिने पगार लटकला. दोन हप्ते चुकले. बँकेचे फोन, मेसेज, मग पत्रं. दादांनी एकाला उत्तर दिलं नाही. घरी कोणाला सांगितलं नाही. पत्रं आली की न उघडता देव्हाऱ्यातल्या विठ्ठल-रखुमाईच्या फ्रेममागे ठेवायचे. घटस्थापनेच्या आधी वहिनी घर आवरत होत्या, फ्रेम पुसायला काढली आणि मागून पाकिटं खाली पडली. बंद पाकिटं, वरती हळदीकुंकवाचे डाग. दादा रोज पूजा करताना त्या पाकिटांनाही कुंकू लावत होते.

मी हे ऐकलं तेव्हा मला ते वाईट वाटलं नाही, खरं सांगायचं तर मला ते फार खोल वाटलं. माणूस स्वतःला झेपत नाही ते देवाच्या हवाली करतोय, हात जोडून म्हणतोय की हे तूच बघ. यात भक्ती आहेच. पण त्यात भीती पण होती, आणि भीतीने भक्तीचा आडोसा घेतला होता. त्या गठ्ठ्यात बँकेची पत्रं होती, बिल्डरची एक पैशाची मागणी होती, आणि एक पत्र होतं त्याच टॉवरमधल्या दुसऱ्या फ्लॅटधारकांचं, की आपण सगळे एकत्र येऊ, अमुक तारखेला मीटिंग आहे, पनवेलला. ती मीटिंग होऊन महिना उलटला होता. दादा देवाकडे मदत मागत होते आणि मदतीचं पत्र फ्रेमच्या मागे बंद पडलं होतं. या केसमधली मला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही वाटते.

त्या रात्री घरात जे झालं ते मला वहिनींनी आणि दादांनी वेगवेगळं सांगितलं आणि दोन्ही जुळतं. वहिनींनी पाकिटं एकेक उघडून मशीनवर मांडली. दादा आले, बघितलं आणि खालीच बसले. मग चिडले. भिंतीवर एलआयसीचं कॅलेंडर होतं, त्यावर दोन हातांमधली ज्योत आणि खाली गीतेच्या नवव्या अध्यायातलं ते वाक्य, योगक्षेमं वहाम्यहम्, तुमचा योगक्षेम मी वाहतो म्हणून देवाने दिलेला शब्द. दादा आप्पांना म्हणाले, "हे कोण वाहतंय आप्पा? तुम्ही एवढ्या वाऱ्या केल्या, मी माळ घातली, कोणाचा रुपया खाल्ला नाही, मग हे काय झालं? रूम पण गेली आणि फ्लॅट पण गेला." मुलगी आतल्या कोपऱ्यात अभ्यासाला बसली होती, ती रडायला लागली.

आप्पा बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "आरं, चोखोबा इठ्ठलाचा लाडका न्हवता व्हय? मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चाललं हुतं, ह्यो राबत हुता, आन् भित अंगावर पडली. मेला की तिथंच. इठ्ठलानं भित धरली न्हाई. पर नामदेव गेलं, हाडं हुडकली, आन् आज चोखोबा कुठं हाय? म्हाद्वारात हाय." एवढंच बोलले. नंतर म्हणाले, "तुझं काय चुकलं न्हाई. ज्यानं पैसं खाल्लं त्यो चुकला. आता लपवू नगं."

चोखामेळा 1338 मध्ये तसेच गेले, मंगळवेढ्यात भिंत कोसळून, आणि त्यांची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर नामदेव पायरीजवळ आहे, हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे, दर्शनाला जाताना आपण तिथे डोकं ठेवतो. पण त्याचा अर्थ किती जड आहे ते आप्पांचं हे बोलणं ऐकल्यावर मला कळलं. ज्या परंपरेने आपल्या सगळ्यात गोड संतांपैकी एकाचा भिंतीखाली झालेला मृत्यू लपवला नाही, उलट देवाच्या दारात त्याची जागा केली, ती परंपरा तुम्हाला कधीच सांगणार नाही की भक्ती केली तर भिंत पडणार नाही. तुकोबांचं पण बघा. 1630 च्या आसपासचा तो भयंकर दुष्काळ, दुकान बुडालं, पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला. दिवाळं निघालेला माणूस तो. आणि सावरल्यावर त्यांनी काय केलं, तर लोकांकडून येणं असलेली कर्जखतं, स्वतःच्या वाट्याची, इंद्रायणीत बुडवली. घराण्याचा धंदा परत पहिल्यासारखा उभा करायचा हा हिशोब त्यांनी धरला नाही. प्लॅन गेला तो गेलाच, परत आला नाही, आणि त्यातून जो तुकाराम उभा राहिला तो आज आपल्या ओठावर आहे.

म्हणून मला ते "जे होतं ते चांगल्यासाठीच होतं" आवडत नाही. दादांना हे निदान पन्नास लोकांनी ऐकवलं असेल, नातेवाईकांनी, ऑफिसवाल्यांनी, आमच्या मंडळातल्याही काहींनी. ज्याचे 32 लाख अडकलेत त्याला हे सांगणं म्हणजे ज्याने पैसे अडकवले त्याचं पाप देवाच्या नावावर लिहिणं. बिल्डरने काम थांबवलं हे माणसाने केलेलं कर्म आहे. पांडुरंगाला त्यात ओढायचं नाही. तो कुठे होता असं विचारलं तर मी म्हणेन तो आप्पांच्या त्या वाक्यात होता की तुझं चुकलं नाही, आता लपवू नको. दादा त्या रात्री देवावर चिडले होते त्याबद्दल नंतर त्यांना फार अपराधी वाटत होतं, तेव्हा मी त्यांना एवढंच म्हटलं की दादा, जनाबाईने विठ्ठलाला काय काय शिव्या घातल्यात ते आठवा. जिथे हक्क आहे तिथेच भांडण होतं.

पुढचं काम मग पटापट झालं असं नाही, पण सुरू झालं. वहिनींनी पाटल्या ठेवून गोल्ड लोन घेतलं आणि दोन्ही हप्ते भरले, 90 दिवस व्हायच्या आत, कारण हप्ता 90 दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत, धरलं जातं आणि मग सरफेसी कायद्याखाली, ज्यात बँक तारण ताब्यात घेऊ शकते, 60 दिवसांची नोटीस येऊ शकते, आणि मग बोलणी फार अवघड होतात. हे आम्हाला मंडळातल्या एका काकांनी सांगितलं, ते बँकेत होते. दादा आणि वहिनी दोघं जाऊन ब्रांच मॅनेजरला भेटले. दादांना तिथे जायची इतकी धास्ती होती की गेटपर्यंत जाऊन ते परत फिरले होते, वहिनी म्हणाल्या "अहो, चला, तो काय गिळणार नाही," आणि खरंच त्या माणसाने नीट ऐकून घेतलं, पगार सुरळीत होईपर्यंत हप्त्याची तारीख पुढे सरकवून दिली.

मग महारेरा. कायदा 2016 चा, महाराष्ट्रात मे 2017 पासून प्राधिकरण चालू आहे. ज्यांना गरज असेल त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहिते. ॲग्रीमेंटमधल्या तारखेला ताबा दिला नाही तर कलम 18 प्रमाणे घर घेणाऱ्याला दोन रस्ते आहेत. प्रोजेक्टमधून बाहेर पडायचं असेल तर भरलेले सगळे पैसे व्याजासकट परत मागायचे. राहायचं असेल तर ताबा मिळेपर्यंत उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज मागायचं. व्याजाचा दर महाराष्ट्रात स्टेट बँकेच्या सगळ्यात वरच्या एमसीएलआरवर, म्हणजे बँकेने कर्जासाठी ठरवलेल्या मूळ दरावर, आणखी 2 टक्के. पैसे परत मागायचा हक्क बिनशर्त आहे असं सुप्रीम कोर्टाने पण 2021 मध्ये सांगितलंय, बिल्डरची कारणं काहीही असोत. तक्रार ऑनलाइन होते, फी 5 हजार. शिवाय ग्राहकांच्या पैशातले 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवून त्याच प्रोजेक्टवर खर्च करायचे असतात, आणि प्रोजेक्टची नोंदणी संपली किंवा रद्द झाली तर उरलेलं बांधकाम हातात घ्यायचा पहिला हक्क फ्लॅटधारकांच्या संघटनेचा, कलम 8. हे सगळं फ्रेममागच्या त्या मीटिंगच्या पत्रामुळे कळलं, दादांनी उशिरा का होईना त्या लोकांना फोन लावला.

आता खरा पेच आला, राहायचं की बाहेर पडायचं. दादांना फ्लॅटच हवा होता. आप्पांची रूम विकून घेतलेलं घर ते, ते सोडलं तर आप्पांना काय तोंड दाखवू असं त्यांच्या मनात. वहिनींना पैसे परत हवे होते. आणि आमच्या मंडळातही दोन तट पडले, काही म्हणाले भरवसा ठेवून थांबा, काही म्हणाले भरवसा ठेवून सोडा. माझं असं मत आहे की दोन्हीत भक्ती कमी-जास्त नाही. त्याच टॉवरमधली बरीच कुटुंबं थांबली, त्यांनी संघटना केली, ते दुसरा डेव्हलपर शोधताहेत, आणि त्यातले दोघं-तिघं इतके श्रद्धावान आहेत की मीटिंग पसायदानाने संपवतात. म्हणून कोणी कुठला रस्ता घेतला यावरून त्याची श्रद्धा मोजू नये. बघायचं एवढंच की तो निर्णय भीतीने घेतला की मोकळेपणाने.

शेवटी सोडवलं आप्पांनीच. ते म्हणाले मला कुठं त्या टावरात राहायचंय, मला टाळ वाजवायला एवढी जागा बास, पोरीच्या शिक्षणाचं बघा. दादा त्या दिवशी मोकळे झाले. आप्पांचं ऋण फेडायचं ते घर होतं, आणि ज्यांचं ऋण ते म्हणताहेत की फिटलं. 2023 मध्ये पैसे परत मागायची तक्रार केली. त्याच वर्षी 17 नोव्हेंबरला बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाली, ब्रोशरमधली मेट्रो खरोखर आली, आणि दादा एका रविवारी त्या मेट्रोने पेंधरला उतरून तो सांगाडा बघून आले. मला म्हणाले, "ताई, आज पहिल्यांदा बघून छातीत कळ आली नाही."

नवसाचं काय झालं हेही सांगते. पझेशन मिळालं नाही, म्हणजे नवस लागू झाला नाही. पण 2024 ला दादांनी चार दिवस रजा टाकली आणि लोणंदपासून फलटणच्या पुढपर्यंत आप्पांबरोबर चालले, चपला घालून. चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण आप्पांनी त्यांना गर्दीत हात धरून दाखवलं. मी विचारलं काय मागितलं, तर म्हणाले काही सुचलंच नाही, उन्हाने डोकं तापलं होतं आणि आप्पांचा हात सुटू नये एवढंच बघत होतो.

वहिनींचं मत वेगळं आहे आणि ते गाळून ही केस पूर्ण होणार नाही. त्या म्हणतात, "ताई, तुम्ही सगळे भरवसा भरवसा करता, मला देव एवढा कळत नाही, मला हप्त्याची तारीख कळते." हरिपाठाला त्या क्वचितच येतात, त्या वेळेला गिऱ्हाईक असतं. पण पाकिटं उघडायचं धैर्य त्यांच्यात होतं, पाटल्या काढून द्यायचं त्यांच्यात होतं, बँकेच्या पायऱ्या त्यांनी चढवल्या. सावता माळी पंढरपूरला गेले नाहीत, अरणच्या मळ्यातच त्यांचा विठ्ठल होता, असं आपण मानतो ना, मग मशीनवर बसलेल्या बाईच्या हिशोबाच्या वहीत पण तो आहे असं मी मानते. त्यांना हे सांगितलं तर त्या हसतात आणि कापड कापायला घेतात. त्यांचं एक म्हणणं मात्र मला पूर्ण पटतं, की घरातल्या पुरुषाने एकट्याने देवाशी बोलून बायकोशी न बोलणं हा भरवसा होऊ शकत नाही. दादांनी आता ते मान्य केलंय. बँकेचं जे येईल ते आधी वहिनींच्या हातात जातं.

आज कुठे आहे सगळं? महारेराचा आदेश यांच्या बाजूने झाला, सगळी रक्कम व्याजासकट परत करा. बिल्डरने दिली नाही. मग वसुली वॉरंट निघालं, ते जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते, तळोजा रायगडमध्ये म्हणून अलिबागला आणि तिथून पनवेल तहसीलला. एक रुपया अजून हातात आलेला नाही. प्री-ईएमआय चालू आहे. भाडं तेरा हजार झालंय. मुलीला इंजिनिअरिंगला घालायचं की डिप्लोमाला यावर घरात रोज चर्चा चालते आणि आता तीही त्यात मोठ्याने बोलते, खर्चाचे आकडे तिला पाठ आहेत. दादा परत हरिपाठाला यायला लागलेत, मागच्या रांगेत बसतात, पहिल्यासारखा खणखणीत आवाज अजून लागत नाही पण येतात. आप्पा पुढे, टाळ घेऊन.

पुढच्या आठवड्यात पनवेल तहसीलला परत जायचंय, वॉरंटवर काय कारवाई झाली ते लेखी विचारायला. दादांनी हाफ डे टाकलाय, अर्ज मुलीने टाइप करून दिलाय, आणि या वेळी वहिनी पण बरोबर जाणार आहेत.